वाचकांचे प्रश्न: बालवर्गातली नोकरी आणि अडकलेली एम.ए.

बालशिक्षणात पदव्युत्तर पदवी करणारे बहुतेक जण दिवसभर लहान मुलांमध्येच असतात. अभ्यासाचा विषय आणि रोजचे काम एकच, तरीही पदवी रखडते. पत्रे वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. सिद्धान्त कळला नाही म्हणून क्वचितच कोणी अडकते. परवानगी उशिरा मागितली, नोंद त्याच दिवशी लिहिली नाही, तासांचा हिशेब आधी मांडला नाही, अशा कारणांनी वर्षे जातात. म्हणून उत्तरे शक्य तितकी हिशेबी ठेवली आहेत.

प्रश्न: एम.ए.चे पहिले वर्ष पूर्ण केले, दुसऱ्या वर्षाचे दोन पेपर दिले, मग बाळंतपण आणि नोकरी यांत सात वर्षे निघून गेली. आता पुन्हा सुरुवात करायची आहे. आधीचे सगळे वाया गेले का?

लगेच तसे समजू नका, पण तोंडी आश्वासनावरही विसंबू नका. तीन गोष्टी तपासा. पदवी पूर्ण करण्याची कमाल मुदत किती आहे, मधल्या काळात अभ्यासक्रम बदलला का, आणि तुमची नोंदणी अजून चालू आहे की रद्द झाली आहे. मुदत संपली असेल तर पुनर्नोंदणी किंवा मुदतवाढीची तरतूद नियमावलीत असते का ते पाहा. ती बहुधा फीच्या किंवा परीक्षेच्या नियमांत दडलेली असते, प्रवेशाच्या पानावर नसते.

अभ्यासक्रम बदलला असेल तर जुन्या पेपरांची समकक्षता मागावी लागते. त्यासाठी नुसती गुणपत्रिका पुरत नाही. तुम्ही ज्या वर्षी पेपर दिलात त्या वर्षीचा छापील अभ्यासक्रम मिळवा आणि एक तक्ता करा: डावीकडे जुना पेपर, त्याचे क्रेडिट आणि घटक, उजवीकडे नवा पेपर, त्याचे क्रेडिट आणि घटक, शेवटच्या रकान्यात नव्यात असलेले पण जुन्यात नसलेले घटक. हा तक्ता तुम्हीच करून नेलात तर काम पुढे सरकते. कार्यालयाने तो करावा म्हणून वाट पाहिली तर कागद टेबलावरच राहतो. बालविकासाचा पेपर सहसा जुळतो. संशोधनपद्धती आणि धोरणे यांचे पेपर मात्र अनेकदा नव्याने द्यावे लागतात, आणि सात वर्षांनंतर ते योग्यही आहे.

नेहमीची चूक अशी की विभागप्रमुख ‘चालेल’ म्हणतात आणि विद्यार्थी निश्चिंत होतो. मजकूर जुळतो की नाही हे विभाग सांगतो; गुण नव्या गुणपत्रिकेवर येणार की नाही हे परीक्षा विभाग ठरवतो. दोन्हीकडून लेखी उत्तर घ्या, नाहीतर शेवटच्या निकालात एक पेपर रिकामा दिसतो. मधल्या काळात नाव बदलले असेल तर तो बदलही याच टप्प्यावर नोंदवा. पदवी प्रमाणपत्र छापायला गेल्यावर तो करणे फार जिकिरीचे असते.

प्रश्न: पूर्ण वेळ नोकरी आहे. एका सत्रात किती पेपर घ्यावेत? सगळे सांगतात, ‘मन असेल तर होते.’

मनाचा भाग बाजूला ठेवून आधी भागाकार करा. अनेक दूरशिक्षण अभ्यासक्रमांत १ क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरतात. म्हणजे ४ क्रेडिटचा पेपर १२० तासांचा. २० आठवड्यांच्या सत्रात तो आठवड्याला ६ तास मागतो. दोन पेपरांचे १२, तिनांचे १८. पण ते २० आठवडे पूर्ण मिळत नाहीत. मुलांच्या प्रगतिनोंदी, पालकसभा, वार्षिक कार्यक्रम, स्वतःचे आजारपण यांत चार आठवडे सहज जातात. उरलेल्या १६ आठवड्यांत तोच पेपर आठवड्याला साडेसात तासांचा होतो, दोन पेपर १५ तासांचे. पूर्ण वेळ नोकरीत दोन पेपर ही आमच्या मते कमाल मर्यादा. लघुप्रबंधाच्या सत्रात त्याच्या जोडीला एकच पेपर.

आता हे तास ठेवायचे कुठे? रात्री दहानंतरचे दोन तास कागदावर दोन दिसतात, प्रत्यक्षात एकाइतकेही भरत नाहीत. दिवसभर तीन-चार वर्षांच्या मुलांशी बोलून डोके थकलेले असते, तेव्हा नवीन वाचन आत शिरत नाही. थकलेल्या वेळेला यांत्रिक कामे द्या: संदर्भ नीट लिहिणे, तक्ते भरणे, ध्वनिमुद्रण ऐकून उतरवून काढणे. वाचन आणि लेखन यांसाठी आठवड्यातून एक तरी सलग तीन तासांचा तुकडा हवाच. अर्ध्या-अर्ध्या तासाचे सहा तुकडे त्याची जागा घेत नाहीत, कारण प्रत्येक वेळी मागचा धागा शोधण्यातच दहा मिनिटे जातात.

प्रश्न: निरीक्षणाच्या स्वाध्यायात मला दोनदा कमी गुण मिळाले. शेरा एकच: ‘वर्णन नाही, मत आहे.’ मी जे पाहिले तेच लिहिले होते.

हा शेरा बालवर्गात मुरलेल्या शिक्षिकांनाच जास्त मिळतो, यात नवल नाही. अनुभवी नजर पाहता पाहता निष्कर्ष काढते आणि हात निष्कर्षच लिहितो. ‘क. चिडून खेळातून बाहेर पडला, तो नेहमीच हट्टी असतो’ या वाक्यात पाहिलेली गोष्ट एकच आहे: तो बाहेर पडला. ‘चिडून’ हा अंदाज, ‘नेहमीच’ ही आठवण आणि ‘हट्टी’ हा निवाडा.

तीच नोंद अशी लिहा: ‘१०.१२. ठोकळ्यांचा कोपरा. क. (४ वर्षे २ महिने) लाल ठोकळ्याकडे हात नेतो. म. तो आधी उचलते. क. दोन्ही हात मागे घेतो, ओठ घट्ट मिटतो, तीन-चार सेकंद म. च्या मनोऱ्याकडे बघतो. “मला नकोच होता,” असे हळू म्हणून उठतो, खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभा राहतो. १०.१४.’ आता वाचणाऱ्याला पर्याय उरतात. हा राग असेल, किंवा चार वर्षांच्या मुलाने स्वतःला सावरण्याचा केलेला चांगला प्रयत्नही असेल. अर्थ लावायचाच आहे, पण वेगळ्या रकान्यात आणि ‘असे असू शकते’ या भाषेत. वय वर्षे आणि महिने दोन्हींत लिहा. या वयात सहा महिन्यांचा फरक मोठा असतो. मुलाचे शब्द जसेच्या तसे, बोबडे असतील तर बोबडेच.

दुसरी चूक वेळेची. दिवस संपल्यावर लिहिलेली नोंद गोष्टीसारखी गुळगुळीत होते. खिशात लहान वही ठेवा, घडताना चार-पाच शब्द टिपा आणि त्याच दिवशी पूर्ण वाक्यांत उतरवा. शुक्रवारी पाच दिवसांच्या नोंदी एकदम लिहिल्या की परीक्षकाला ते ओळखू येते. सगळ्या नोंदी सारख्याच लांबीच्या, सारख्याच शाईच्या आणि प्रत्येक नोंदीत नेमके एक ठळक वर्तन!

काय किती वेळा घडते हे मोजायचे असेल तर प्रसंगनोंद चालणार नाही, कालनमुना घ्या, म्हणजे ठरावीक वेळेच्या तुकड्यांत पाहून नोंद करा. संशोधक मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२मध्ये मांडलेले खेळातील सहभागाचे सहा प्रकार यासाठी अजून वापरतात: खेळात नसणे, एकट्याने खेळणे, दुसऱ्याचा खेळ बघत राहणे, समांतर खेळ (शेजारी बसून, पण आपापला), सहयोगी खेळ (देवघेव, बोलणे असलेला) आणि सहकारी खेळ (सगळ्यांनी मिळून ठरवलेला). दहा मुले घ्या, प्रत्येकाला एक मिनिट बघा, त्या मिनिटात जो प्रकार जास्त वेळ दिसला तो लिहा. असे २० दिवस केले की प्रत्येक मुलाची २० मिनिटे हाती येतात. मुलांचा क्रम रोज चिठ्ठ्या टाकून बदला. क्रम तोच ठेवला तर यादीतले पहिले मूल रोज आल्या आल्या, आईचा हात नुकताच सुटलेला असतानाच, पाहिले जाईल आणि तुमच्या तक्त्यात ते ‘एकटे’ ठरेल. आणि एकट्याने खेळणे म्हणजे मागे पडणे, असे लिहू नका. पार्टेन यांच्या क्रमवारीचा तसा अर्थ लावण्यावर नंतरच्या संशोधकांनी आक्षेप घेतला आहे. एकटे मूल कोडे जुळवत असेल तर तो बराच पुढचा खेळ असतो.

प्रश्न: सहकाऱ्याने आणि मी तीच मुले पाहून नोंदी केल्या. आमचे ८० टक्के जुळले. तरी मार्गदर्शक म्हणतात, ‘पुरेसे नाही.’ का?

कारण त्यातले बरेचसे योगायोगानेही जुळले असते. समजा, दोघांनीही ८० टक्के वेळा ‘समांतर’ आणि २० टक्के वेळा ‘इतर’ असे लिहिले. मुलांकडे न बघता याच प्रमाणात शेरे मारले असते तरी ०.८ × ०.८ अधिक ०.२ × ०.२, म्हणजे ०.६८ इतके जुळलेच असते. कोहेनचा कप्पा (दोघांच्या नोंदी किती जुळतात याचे माप) हा योगायोगाचा वाटा वजा करतो: (०.८० − ०.६८) भागिले (१ − ०.६८), उत्तर सुमारे ०.३८. हा आकडा दुबळा आहे. उपाय म्हणजे प्रकारांच्या व्याख्या घट्ट करणे. ‘समांतर’ आणि ‘सहयोगी’ यांची सीमा बहुधा सैल असते. वस्तूची देवघेव झाली किंवा एकमेकांना उद्देशून बोलणे झाले तर सहयोगी, शेजारी बसून तसलेच काही करत असतील तर समांतर, असा लेखी नियम करा. मग नव्या मुलांवर पुन्हा मोजा. जुन्याच नोंदी दुरुस्त करून आकडा वाढवणे ही फसवणूक आहे.

प्रश्न: लघुप्रबंधासाठी ‘मोबाइलचा बालकांच्या विकासावर होणारा परिणाम’ हा विषय दिला, तो परत आला. एवढा महत्त्वाचा विषय का नाकारला?

महत्त्वाचा आहे, पण तुमच्या हातात मावणारा नाही. विकास म्हणजे कोणता? भाषेचा, झोपेचा, स्नायूंचा? मोबाइल म्हणजे काय? आजीशी दृश्यसंवाद की एकट्याने पाहिलेली चित्रफीत? आणि ‘परिणाम’ हा शब्द कारण सिद्ध करायला सांगतो. पालकांना प्रश्नावली देऊन फार तर दोन गोष्टी सोबत आढळतात एवढे दिसेल. शिवाय स्वतःचे मूल किती वेळ पडद्यासमोर असते हे शिक्षिकेला लिहून देताना पालक थोडे कमीच लिहिणार.

नोकरी करणाऱ्या शिक्षिकेला आमचा सल्ला: प्रश्न वर्गातल्या अशा गोष्टीवर ठेवा जी रोज आपोआप घडते. एक नमुना देतो. गोष्ट वाचताना मी कोणत्या प्रकारचे प्रश्न विचारते आणि कोणत्या प्रश्नाला मुले एकाहून जास्त शब्दांचे उत्तर देतात? याला आधारही तयार आहे. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८पासून मांडलेल्या संवादी वाचनात प्रश्नांचे पाच प्रकार धरतात: वाक्य पुरे करायला लावणारे, आठवून सांगायला लावणारे, मोकळे, ‘कोण-काय-कुठे’चे, आणि गोष्टीचा मुलाच्या स्वतःच्या अनुभवाशी सांधा जोडणारे.

सहा आठवडे, आठवड्यातून दोन वाचने, प्रत्येकी दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण: एकूण १२ मुद्रणे, १२० मिनिटे. स्वच्छ आवाजाचे एक तासाचे मुद्रण उतरवायला ४ ते ६ तास लागतात. म्हणजे तुम्हाला ८ ते १२ तास, पण तीन मुले एकदम बोलतात तिथे जास्त, म्हणून १५ तास धरा. हे एका माणसाला झेपते. याउलट ३० पालकांच्या तासातासाच्या मुलाखती ठरवल्यात तर निव्वळ उतरवण्याचेच १२० ते १८० तास होतात, एका संपूर्ण पेपराच्या अभ्यासाइतके किंवा दीडपट. मुख्य कामाआधी दोन वाचनांची चाचणी फेरी घ्या. यंत्र मुलांपासून हातभर अंतरावर हवे. टेबलावर ठेवले तर खुर्च्यांचे आवाज येतात आणि मुलांचे शब्द बुडतात.

प्रश्न: माझ्याच वर्गातल्या मुलांवर संशोधन करू शकते का? पालक ओळखीचे आहेत, लगेच ‘हो’ म्हणतील.

ते लगेच ‘हो’ म्हणतील, अडचण तिथेच आहे. ज्या बाईंच्या हाती रोज मूल सोपवायचे त्यांना ‘नाही’ म्हणणे पालकांना जड जाते. म्हणून संमतीपत्र तुम्ही स्वतः देऊ-घेऊ नका. सहकारी शिक्षिकेने किंवा कार्यालयातल्या कोणी ते द्यावे, बंद पाकिटात परत घ्यावे. दुसरा मार्ग अदलाबदलीचा: तुम्ही शेजारच्या वर्गात नोंदी करायच्या, त्या बाईंनी तुमच्या. वर सुचवलेल्या गोष्टवाचनाच्या विषयात तुमचेच प्रश्न तपासायचे असले तरी मुद्रणात मुलांचे आवाज आहेत, म्हणून संमती टळत नाही. ज्यांची संमती नाही त्यांचे बोलणे उतरवू नका, तिथे ‘एक मूल बोलते’ एवढेही लिहू नका.

संमतीपत्र एका पानाचे, घरच्या भाषेत. काय टिपणार, किती दिवस, कोण ऐकणार, मुद्रण कधी पुसणार, मध्येच नाव काढता येते का, नकार दिला तर मुलावर काही परिणाम होईल का, एवढे त्यात हवे. छायाचित्रांची परवानगी वेगळ्या सहीने घ्या. बरेच पालक नोंदींना हो म्हणतात, फोटोला नाही. ‘माहिती गोपनीय राहील’ एवढ्यावर भागत नाही. मुलाचे नाव बदलले, पण ‘वर्गातली एकुलती जुळी’ असे लिहिले तर ओळख पटलीच.

पालकांच्या सहीने मुलाचा होकार मिळत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या (१९८९) बाराव्या कलमात मुलाचे मत ऐकून घेण्याचा हक्क आहे आणि तीन वर्षांचे मूल मत अंगाने सांगते. चित्रावर हात ठेवते, पाठ फिरवते, गप्प होते, वही दिसली की उठून जाते. त्या दिवसाची नोंद तिथेच थांबवा आणि थांबवली असे लिहा. परीक्षक हे दोष मानत नाहीत.

विद्यापीठाची नीतिविषयक मान्यता येण्याआधी गोळा केलेली माहिती सहसा प्रबंधात वापरता येत नाही, नंतर मान्यता मिळाली तरी. समितीची बैठक महिन्यातून एकदाच असेल आणि पहिल्या फेरीत दुरुस्त्या निघाल्या तर दोन महिने तिथेच गेले. शाळेच्या सुट्टीची तारीख आधी बघा, तिथून उलटे मोजत या आणि अर्जाची तारीख ठरवा.

प्रश्न: मी रोजच मुलांसोबत असतो. मग कार्यानुभवाचे १२० तास आपोआप भरले ना?

बहुधा नाही. ‘प्रारंभिक बाल्यावस्था’ म्हणजे जन्मापासून आठ वर्षांपर्यंतचा काळ, आणि अनेक अभ्यासक्रम एकाहून जास्त वयोगटांतला अनुभव मागतात. शिशुवर्ग शिकवणाऱ्यांना बहुधा तीन वर्षांखालच्या मुलांचे तास कमी पडतात. त्यासाठी पाळणाघरात जावे लागते आणि तिथला दिवस तुमच्या शाळेच्याच वेळेत असतो. आठवड्याला ५ तास सुटले तर १२० तासांना २४ आठवडे लागतात, म्हणजे सत्राहून जास्त. म्हणून परवानगी सत्राआधी घ्या आणि सुट्ट्यांचा सलग तुकडा त्यासाठी राखा. नोकरीतले तास धरणार असतील तर तुमच्यावर देखरेख कोणी करायची हे लेखी ठरवून घ्या. तुमच्या हाताखालच्या व्यक्तीची सही चालत नाही. तासवहीवर आठवड्याच्या आठवड्याला सही घ्या. देखरेख करणाऱ्या बाई मध्येच नोकरी सोडून गेल्या की मागच्या तासांचा साक्षीदारच उरत नाही.

प्रश्न: संशोधनलेख इंग्रजीत, माझे इंग्रजी बेताचे. एका लेखाला तीन रात्री लागतात.

पहिल्या ओळीपासून वाचू नका. आधी सारांश, मग तक्ते, मग पद्धत: मुले किती, वय काय, काय मोजले, कसे मोजले. एवढ्याला अर्धा तास द्या. लेख कामाचा वाटला तरच प्रस्तावना आणि चर्चा वाचा. प्रत्येक लेखावर स्वतःच्या शब्दांत पाच-सहा ओळी लिहा आणि शेजारी पान क्रमांक टाका. हा क्रमांक राहिला की सहा महिन्यांनी एका वाक्यासाठी सगळा लेख पुन्हा चाळावा लागतो. संज्ञांची वही ठेवा आणि एका संज्ञेला प्रबंधभर एकच मराठी शब्द वापरा. ‘अटॅचमेंट’साठी कुठे ‘अनुबंध’, कुठे ‘आसक्ती’, कुठे ‘जवळीक’ असे झाले की परीक्षक त्या तीन वेगळ्या गोष्टी समजतो.

ऐकीव संदर्भ टाळा. ‘वायगॉट्स्की यांची स्कॅफोल्डिंगची संकल्पना’ हे वाक्य प्रबंधांत सर्रास दिसते. निकट विकासाचे क्षेत्र, म्हणजे मुलाला एकट्याने न जमणारे पण मदतीने जमणारे ते, ही कल्पना मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की यांची. स्कॅफोल्डिंग हा शब्द, शिकणाऱ्याला दिलेला तात्पुरता आधार या अर्थाने, वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी १९७६मध्ये वापरला, आणि वायगॉट्स्की १९३४मध्येच वारले होते. तोंडी परीक्षेत यावर हमखास प्रश्न येतो.

प्रश्न: मार्गदर्शक दोन-दोन महिने उत्तर देत नाहीत.

‘प्रकरण पाठवत आहे, कृपया पाहावे’ अशा पत्राला उत्तर देणे अवघड असते, म्हणून ते मागे पडते. एका वेळी आठ-दहा पाने पाठवा, वर तीन ओळी लिहा: काय पाठवले, कुठे अडले, कोणता निर्णय हवा. निर्णय ‘हो’ किंवा ‘नाही’ने देता येईल असा विचारा. ‘समांतर खेळाची ही व्याख्या ठेवू का?’ याला दोन मिनिटांत उत्तर येते. दर महिन्याची ठरावीक तारीख त्यांच्याशी आधीच ठरवून घ्या. दोन तारखा चुकल्या तर विभागाला लेखी कळवा, पत्रव्यवहार सोबत जोडून. मुदतवाढ मागायची वेळ आलीच तर हीच पत्रे कामी येतात.

प्रश्न: प्रबंध मराठीत लिहिते आहे. जुन्या फॉन्टमध्ये चाळीस पाने झाली. पुढे चालू ठेवू का?

थांबा आणि आजच युनिकोडमध्ये या. जुन्या फॉन्टमधला मजकूर साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येत नाही, आणि दुसऱ्या संगणकावर तो निरर्थक चिन्हांसारखा उघडतो. परिवर्तक वापरून चाळीस पाने बदलता येतील, पण रफार, जोडाक्षरे, ऱ्हस्व वेलांटी आणि अवतरणचिन्हे हाताने तपासावी लागतील. तक्त्यांतले आकडे तर मूळ नोंदवही शेजारी ठेवूनच तपासा.